आणि तसं झालं तर?

"मुलांना कसलं आलंय टेन्शन? खायचं, प्यायचं, खेळायचं, झोपायचं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की चिडच येते. मुलांना टेन्शन असतं, चांगलं भरपूर असतं, फक्त ती आपल्याजवळ येऊन 'मला आज फार काळजी वाटतेय' असं सांगत नाहीत. ते पोटातून बाहेर पडतं, डोकेदुखीतून पडतं. नाहीतर चपला घालायच्या वेळी अचानक सुरू झालेल्या रडारडीतून, वहीतलं अक्षर पाच वेळा खोडून कागद फाटेपर्यंत परत लिहिण्यातून, किंवा बर्थडे पार्टीला निघायच्या अर्धा तास आधी 'मला नाही जायचं' म्हणून धरलेल्या हट्टातून. आणि आपण त्याला नाटकं म्हणतो, लाडावलेलं म्हणतो, नाहीतर सरळ आळशी म्हणून मोकळे होतो.

ते पोटात दुखणं खोटं नसतं हे आधी सांगून टाकते, कारण त्यावरून मुलं खूप बोलणी खातात. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडायला लागते, श्वास भराभर होतो, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळवलं जातं आणि पचनाचं काम त्या वेळेपुरतं मागे पडतं. पोटात गोळा येणं, मळमळणं, सारखं बाथरूमला जावंसं वाटणं हे सगळं त्यातूनच येतं. म्हणजे सकाळी शाळेच्या वेळी दुखणारं पोट सुट्टीच्या दिवशी दुखत नाही याचा अर्थ मूल खोटं बोलतंय असा होत नाही. (पोट सतत दुखत असेल, रात्री दुखण्याने जाग येत असेल, वजन कमी होत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायचंच, सगळं काळजीच्या खात्यावर टाकायचं नाही.)

थोडीफार भीती तर वयाबरोबर येतेच आणि वयाबरोबर जाते. आठ-दहा महिन्यांचं बाळ आई दिसेनाशी झाली की रडतं, तीन-चार वर्षांच्या मुलाला अंधाराची आणि पलंगाखालच्या राक्षसाची भीती असते, शाळेत जायला लागलं की चोर येतील का, आग लागेल का, आईबाबा मरतील का असे प्रश्न सुरू होतात आणि बारा-तेराच्या पुढे सगळा घोर 'लोक मला काय म्हणतील' याचा. यातलं काही दिसलं म्हणून लगेच घाबरून जायचं कारण नाही. प्रश्न येतो तो भीती मुलाचं जगणं आखडून टाकायला लागते तेव्हा, आणि मला बोलायचंय ते त्या वेळी आपण घरचे लोक नेमकं काय करतो याबद्दल.

माझ्या भाचीचं सांगते. सात-आठ वर्षांची होती तेव्हा रात्री दिवा बंद झाला की तिचे प्रश्न सुरू व्हायचे. "आई, उद्या मला घ्यायला तूच येशील ना?" ताई म्हणायची, हो गं, मीच येणार. दोन मिनिटं शांतता. मग, "आणि ट्रॅफिकमध्ये अडकलीस तर?" अडकले तर मावशी येईल. "मावशीचा फोन लागला नाही तर?" लागेल गं. "नाहीच लागला तर?" आणि मग पांघरुणातून हात बाहेर काढून ताईचं मनगट घट्ट पकडायची आणि म्हणायची, "प्रॉमिस कर." ताई प्रॉमिस करायची. पकड सैल व्हायची, श्वास जरा हळू व्हायचा, ताईला वाटायचं झोपली, आणि ती उठायला लागली की परत, "आई, पण जर..."

मी कधी राहायला गेले की शेजारच्या खोलीत झोपून हे ऐकायचे आणि मला जाणवत राहायचं की प्रत्येक उत्तर बरोबर आहे, प्रेमाने दिलेलं आहे, आणि तरी एकही उत्तर पुरत नाहीये. कारण तिला माहिती नकोच होती. आई येणार हे तिला माहीत होतं. तिला हवी होती शंभर टक्के खात्री, आणि ती या जगात कुणी कुणाला देऊ शकत नाही, त्यामुळे प्रत्येक उत्तराला एक नवं 'जर' फुटायचं. हे म्हणजे खाज सुटल्यावर खाजवण्यासारखं आहे, खाजवलं की क्षणभर बरं वाटतं आणि मग दुप्पट खाज सुटते. मूल यातून शिकतं ते इतकंच की काळजी वाटली की आईला विचारायचं, मग बरं वाटतं. स्वतःहून बरं वाटेपर्यंत थांबायची वेळ त्याच्यावर येतच नाही.

टाळण्याचंही तसंच. मूल म्हणतं मला स्टेजवर जायचं नाही, आपण टीचरना चिठ्ठी देतो, मुलाचा चेहरा एकदम खुलतो आणि आपल्यालाही हुश्श होतं. पण त्या खुललेल्या चेहऱ्यामागे मेंदूने नोंद काय केली? की स्टेज खरोखरच धोक्याचं होतं आणि मी थोडक्यात वाचलो. पुढच्या वेळी भीती जास्त असते. मग हळूहळू सगळं घरच त्या भीतीभोवती फिरायला लागतं, कुठे जायचं, कोणत्या वाटेने जायचं, कोण कुणाशेजारी झोपणार, हॉटेलात ऑर्डर कोण देणार, हे सगळं मूल नाही तर मुलाची काळजी ठरवायला लागते. चिंतेचा त्रास असलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या घरी थोडंफार असं होतंच. वाईट आईबाप म्हणून नाही, माया असते म्हणूनच होतं. पोटचं पोर थरथरताना कुणाला बघवतं?

म्हणून मला येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांचं काम फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी 'स्पेस' नावाची एक उपचारपद्धत तयार केली ज्यात थेरपिस्ट मुलाला भेटतच नाही, फक्त आईवडिलांना भेटतो. २०२० मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात ७ ते १४ वयोगटातली चिंतेचा आजार असलेली १२४ मुलं होती, काहींच्या आईवडिलांना बारा आठवडे ही पद्धत शिकवली, आणि बाकीच्या मुलांना स्वतःला तितकेच आठवडे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी थेरपी दिली. दोन्हींचा परिणाम सारखाच चांगला निघाला! म्हणजे जी मुलं थेरपिस्टसमोर बसलीच नाहीत त्यांनाही तेवढाच फरक पडला, फक्त घरातली मोठी माणसं वेगळं वागायला लागली म्हणून. ज्या आईला वाटतं की 'माझं मूल डॉक्टरसमोर तोंडच उघडत नाही, आता मी काय करू' तिला यातून केवढा धीर मिळेल.

आणि वेगळं वागायचं म्हणजे कडक वागायचं नाही. इथे खूप लोक घसरतात. 'नको ते लाड बंद, उद्यापासून एकटा झोपायचं' असं एका रात्रीत जाहीर करणं म्हणजे मुलाला खोल पाण्यात ढकलून काठावर उभं राहणं. करायचं असतं ते दोन गोष्टी एकाच दमात बोलायचं. तुला हे खरंच अवघड जातंय हे मला दिसतंय, आणि तुला हे झेपेल याची मला खात्री आहे. दोन्ही लागतात. नुसतं पहिलं म्हटलं तर मुलाला वाटतं, बघा, आईलाही वाटतंय की हे भयंकर आहे. नुसतं दुसरं म्हटलं तर त्याला वाटतं हिला काही कळतच नाहीये, आणि ते बोलायचंच बंद होतं. 'काही होत नाही रे', 'उगाच विचार करू नकोस', 'बघ तो तुझ्यापेक्षा लहान असून घाबरत नाही' ही आपली ठेवणीतली वाक्यं त्यातलं पहिलं अर्धं पार गिळून टाकतात.

ताईने पुढे केलं ते असं. आधी दिवसाढवळ्या, भाचीचा मूड चांगला असताना तिला सांगितलं की रात्रीचे 'जर' वाले प्रश्न तुझी काळजी विचारते, आणि मी उत्तर दिलं की ती अजून मोठी होते, म्हणून आजपासून मी त्या प्रश्नाला एकदाच उत्तर देईन. दुसऱ्यांदा विचारलंस तर मी म्हणेन, याचं उत्तर तुला माहितीये आणि हे तुला जमेल. पहिल्या रात्री भाची भडकली, मग रडली, मग ताईचं मनगट धरून बराच वेळ गप्प पडून राहिली. ताईने हात सोडवला नाही. फक्त उत्तर दिलं नाही. हे लिहायला सोपं आहे, शेजारच्या खोलीतून ऐकायला सोपं नव्हतं आणि तिथे पलंगाच्या कडेवर बसून करायला तर अजिबातच नसणार. आधी कल्पना न देता हे केलं असतं तर ती नुसती निष्ठुर शिक्षा झाली असती, त्यामुळे आधी सांगणं फार फार गरजेचं. हळूहळू, मध्येच परत वाढत, परत कमी होत, ते प्रश्न एकावर आले.

'विचारच करू नकोस' याबद्दल जरा अजून, कारण तो सल्ला सगळे देतात. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करायचा नाही, आणि आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. मोठ्यांना एक अस्वल बाजूला सारता येत नाही आणि आपण सात वर्षांच्या मुलाला म्हणतो की आई मरेल हा विचार मनातून काढून टाक. त्यापेक्षा विचाराला वेळ ठरवून देणं जास्त जमतं. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच मोठ्या माणसांसाठी हे मांडलं होतं, रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसून काळजी करायची आणि बाकी दिवसभर आली की त्या वेळेवर ढकलायची. मुलांसाठी दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, संध्याकाळी, झोपायच्या अगदी तोंडावर नको. दिवसभरातल्या काळज्या चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायच्या, लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं, आणि संध्याकाळी डबा उघडून एकेक वाचायची. बऱ्याच चिठ्ठ्या वाचताना मुलं स्वतःच म्हणतात, हे तर झालंच नाही. आणि एखादी चिठ्ठी अशी निघते की आपण हादरतो, वर्गातलं कुणी त्रास देतंय, कुणी नको तिथे हात लावतंय, घरात आपलीच भांडणं त्याला ऐकू जातायत. ती काळजी धीर धरून संपवायची नसते, तिथे मोठ्यांनी उठून काहीतरी करायचं असतं. सगळ्या भीत्या मुलाच्या डोक्यातच असतात असं धरून चालणं हा अन्याय आहे.

आता जी भीती खरंच जगणं अडवतेय तिच्याकडे जायचं कसं, तर पायरीपायरीने. ही युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती बसवून दाखवली होती, एक क्रूर प्रयोग म्हणूनच तो आज सांगितला जातो. पण त्यानंतर मेरी कव्हर जोन्स या बाईंनी उलटं काम केलं, ते मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला प्रचंड घाबरायचा. त्याला आवडीचं खायला देऊन ससा पिंजऱ्यात ठेवून लांब ठेवायचा, मग थोडा जवळ, मग अजून जवळ, मध्ये मध्ये सशाला न घाबरणारी मुलं त्याच्यासोबत खेळायला आणायची. मध्येच तो आजारी पडला, त्यात एका मोठ्या कुत्र्याने त्याला घाबरवलं आणि सगळं मागे गेलं, त्यांनी परत सुरुवात केली. शेवटी पीटर सशाला मांडीवर घेऊन बसायला लागला. हे १९२४ मध्ये छापून आलं. मला यातला तो मागे गेल्याचा भाग सगळ्यात जवळचा वाटतो, कारण घरोघरी नेमकं तेच होतं आणि आपण म्हणतो, झालं, सगळं पाण्यात गेलं. पाण्यात जात नाही.

भाचीला कुत्र्यांचीही भीती होती, रस्त्यात कुत्रा दिसला की ती आंधळेपणाने पळायची, गाड्या येतायत की नाही हेही न बघता, त्यामुळे ते टाळून चालणार नव्हतं. पायऱ्या तिनेच लिहिल्या. आधी फोटो, मग व्हिडिओ आवाज बंद करून, मग आवाजासकट, मग खिडकीतून खरा कुत्रा, मग रस्त्याच्या पलीकडून, मग ओळखीच्यांचा साखळीतला कुत्रा. मी सोबत होते त्या दिवशी आम्ही त्या साखळीतल्या कुत्र्यापासून आठ-दहा पावलांवर उभ्या होतो. तिचा हात माझ्या हातात, बर्फासारखा गार, ओला. मी विचारलं काय होईल असं वाटतंय. "तो साखळी तोडेल आणि माझ्या अंगावर येईल." बरं, बघूया. कुत्र्याने जांभई दिली, कान खाजवला, खाली बसला. ती हललीच नाही, नजर त्याच्यावर, खांदे कानापर्यंत चढलेले. मग कधीतरी खांदे आपोआप खाली आले, तिच्याही लक्षात आलं नाही. मग म्हणाली, "मावशी, त्याच्या पायाला एक पांढरा मोजा आहे." इतका वेळ तिला फक्त दात दिसत होते, आता पाय दिसला. मी विचारलं, तुला वाटलं होतं तसं झालं का? तिने नुसती मान हलवली.

हे आधी 'काय होईल वाटतंय' आणि नंतर 'काय झालं' असं विचारणं माझं डोकं नाही, मिशेल क्रॅस्के आणि इतर संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की भीती शून्यावर येणं हे ध्येय धरायचंच नाही, आपण धरलेला अंदाज चुकतो हे मेंदूला पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या जागी कळू द्यायचं. म्हणून शाबासकी द्यायची ती 'घाबरली नाहीस' याची नाही, 'घाबरत होतीस तरी थांबलीस' याची. पहिली शाबासकी मुलाला पुढच्या वेळी भीती लपवायला शिकवते.

दीर्घ श्वासाचं लोक फार सांगतात. तो मदत करतो, विशेषतः श्वास सोडताना घेण्यापेक्षा हळू सोडला तर हृदयाची गती खाली येते, पण मूल रडून लालबुंद झालेलं असताना 'आधी दीर्घ श्वास घे बघू' म्हणणं निरुपयोगी आहे. ते शांत वेळी, खेळता खेळता शिकवायचं. आणि त्याने भीती गेलीच पाहिजे अशी अट घालायची नाही, नाहीतर मूल श्वास घेत घेत तपासत बसतं की गेली का, गेली का, आणि ती एक नवीनच काळजी होते.

आपल्या चेहऱ्याबद्दलही बोलायला हवं. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये काचेचं एक टेबल वापरलं होतं, ज्यावर रांगताना पुढे खड्डा आहे असा भास होतो. पुढे १९८५ मध्ये जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशाच टेबलावर, पण उथळ खड्डा ठेवून, वर्षाच्या बाळांना ठेवलं आणि पलीकडे आई उभी केली. आईचा चेहरा हसरा असताना १९ पैकी १४ बाळं काचेवरून पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. ज्या वयात बोलताही येत नाही त्या वयात मूल आपलं तोंड वाचून ठरवतं की पुढे जायचं की नाही. म्हणून शाळेच्या गेटवर आपण तोंडाने 'जा बाळा, मज्जा कर' म्हणतो आणि डोळ्यांत पाणी, हात सुटत नाही, परत परत वळून बघतो, तेव्हा मूल कुठलं ऐकतं हे सांगायला नको. निरोप छोटा ठेवावा. कधी परत येणार ते त्याला कळेल अशा भाषेत सांगावं, जेवण झाल्यावर, खेळाच्या तासानंतर, असं. आणि गुपचूप पळून जाऊ नये, तेव्हा रडणं वाचतं पण मग मूल आपल्याला नजरेआड होऊच देत नाही.

पण हे वाचून कुणी आईने 'म्हणजे माझ्यामुळेच झालं' असं घेतलं तर मला फार वाईट वाटेल. जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवीन आवाज, नवीन खेळणी दाखवून बघितलं होतं, साधारण पाचातलं एक बाळ जोरात हातपाय झाडायचं आणि रडायचं, आणि पुढे त्या मुलांपैकी बरीच लाजरी, बुजरी, नव्याला बिचकणारी निघाली. सगळी नाही. म्हणजे काही मुलं मुळातच जरा जास्त सावध येतात, एकाच घरात दोन भावंडं अगदी दोन टोकांची असतात ती उगाच नाही. स्वभाव बदलायचा नसतो, त्या स्वभावासकट जगात वावरता आलं पाहिजे एवढंच बघायचं असतं.

घरच्या घरी सगळं होतंच असंही नाही. आठवडेच्या आठवडे शाळा बुडतेय, झोप नाही, जेवण तुटलंय, मित्र सुटलेत, घरात रोजचं रणकंदन होतंय, तर वाट बघत बसू नये. आणि मूल जगायचं नाही असं बोललं किंवा स्वतःला इजा करून घेत असेल तर त्याच दिवशी, एकटं न सोडता मदत गाठायची. उपचारांना गुण येतो. २००८ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती, बारा आठवड्यांनी नुसत्या सीबीटीने सुमारे ६० टक्के मुलं बरीच सुधारली, नुसत्या सर्ट्रालिन या औषधाने ५५, दोन्ही मिळून ८१, आणि औषध नसलेल्या गोळीने २४. औषधाचं नाव काढलं की घरात कुजबुज सुरू होते, पण ज्या मुलाला इतकी भीती आहे की पहिल्या पायरीवरही पाय ठेवता येत नाही त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं औषध ती पायरी चढण्यापुरतं बळ देऊ शकतं.

पहिल्यांदा जायच्या आधी मुलाला खरं सांगा. कुठे जातोय, कोण असेल, किती वेळ लागेल, मी आत असेन की बाहेर. तिथे सुई टोचत नाहीत हे नक्की सांगा कारण डॉक्टर म्हटलं की लहान मुलांच्या डोक्यात पहिलं तेच येतं. तुझं काही बिघडलेलं नाही, काळजी खूप मोठी झालीय आणि ती लहान कशी करायची हे त्यांना येतं, असं सांगितलं तरी पुरतं. आणि आपण स्वतः जाताना एका कागदावर लिहून न्या की मूल काय काय टाळतं, आणि त्याच्यासाठी घरातलं कोण काय काय बदलतंय, कोण सोबत झोपतं, कोण किती वेळा उत्तर देतं, कोण त्याच्या वतीने बोलतं. दुसरी यादी बहुतेक वेळा पहिलीपेक्षा लांब निघते, आणि काम तिथून सुरू करता येतं.